उभ्या गाडीचा दरवाजा आणि चार मीटरचं गणित



मी रोज सायकलने शाळेत जाते. गेल्या महिन्यात बाजारपेठेतून जाताना कडेला उभ्या असलेल्या चारचाकीचा दरवाजा एकदम माझ्या पुढ्यात उघडला. हँडल घासून गेलं, पण पडले नाही. मागचा टेम्पो कचकन थांबला म्हणून बरं. शाळेत पोहोचले तरी हात थरथरत होते. वर्गात हे सांगितलं, तर "बाई, माझंपण असंच झालेलं" म्हणत निम्मा वर्ग बोलायला लागला. मग गणिताचा तास त्यावरच घेतला.

ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात किती मीटर जाईल? १५००० भागिले ३६००, म्हणजे चार मीटरहून थोडं जास्त. आता दरवाजा दिसणं, ते मेंदूला कळणं आणि बोटांनी ब्रेक दाबणं यातच साधारण एक सेकंद जातो. म्हणजे चार मीटरच्या आत दरवाजा उघडला, तर ब्रेक लागायच्या आधीच आपण दरवाज्यावर! मुलांनी व्हरांड्यात खडूने चार मीटर आखले तेव्हा सगळे गप्प झाले. एवढंसंच अंतर ते.

म्हणून इथे "ब्रेक चांगले ठेव" एवढं सांगून भागत नाही. उघडा दरवाजा जवळपास एक मीटर बाहेर येतो. उभ्या गाड्यांपासून सव्वा-दीड मीटर लांबून सायकल चालवली तरच आपण त्याच्या बाहेर राहतो. आणि आपण मुलांना काय सांगतो? "अगदी कडेने जा." मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आले. दोन उभ्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत शिरून परत बाहेर येणं तर आणखी वाईट, कारण मागून येणाऱ्याला सायकल मध्येच दिसेनाशी होते आणि अचानक पुढ्यात येते.

गाडी चालवणाऱ्या पालकांसाठी एक साधी सवय आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याने उजवा दरवाजा डाव्या हाताने उघडावा. हात आडवा नेताना खांदा वळतो, मान वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. नेदरलँड्समध्ये ही पद्धत रुजलेली आहे. शाळेच्या फाटकाशी मुलांना मात्र डाव्या दरवाज्यानेच उतरवा.

दुसरा धोका डाव्या वळणाचा. गाडी सायकलला मागे टाकते आणि लगेच डावीकडे वळते. लांब वाहन वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेवरून जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात. उसाच्या ट्रॉल्या वळताना मुलांनी हे पाहिलेलं असतं, फक्त सायकलशी जोडलेलं नसतं. वळणावर वाहनाच्या डावीकडे घुसायचं नाही, मागेच थांबायचं.

तास संपता संपता सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, दीड मीटर लांबून चालवलं की मागचे हॉर्न वाजवतात, मग?" खरं आहे, मलाही वाजवतात. तिला म्हटलं, घाबरून एकदम कडेला दाबू नकोस. सरळ रेषेत चालव, मोकळी जागा आली की मागे बघून हळूच कडेला घे, पाय टेकव आणि त्यांना जाऊ दे. शनिवारी पटांगणावर फक्कीने गाडी आणि तिचा उघडा दरवाजा आखून हाच सराव घेणार आहोत. ज्यांना जमेल त्या पालकांनी सायकल घेऊन यावं.