रात्री साडेअकराचा मेसेज

रात्री साडेअकराला ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज पडतो, ‘तो रिपोर्ट कुठवर आला?’ लगेच उत्तर द्या, असं त्यांनी म्हटलेलं नसतं. तरी आडवी झालेली माणसं उठून लॅपटॉप उघडतात. लॉरा जर्ज आणि व्हॅनेसा बोन्स यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. कामाच्या वेळेबाहेर आलेल्या ईमेलला उत्तर किती लवकर हवं आहे, याचा अंदाज वाचणारा सहसा जास्तच घाईचा बांधतो. हुकूम न सोडताही कामवेडा वरिष्ठ हाताखालच्यांची विश्रांती मोडतो, तो असा. आणि संध्याकाळी डोक्यातून काम सुटलं नाही, तर थकवा उतरत नाही, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांच्या संशोधनातून दिसतं.

साहेब स्वतः राबतात म्हणूनच टीम झटते, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. नेदरलँड्सचे विल्मार शॉफेली इथे फरक करतात: एकाला कामाची गोडी असते, दुसऱ्याला हातावर हात ठेवून बसलं की अपराधी वाटतं. ही दुसरी बेचैनीच हाताखालच्यांना जाचते. ‘इन्फोसिस’चे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांच्या आठवड्याला 70 तास काम करण्याच्या सल्ल्यावर 2023 मध्ये वाद झाला, तो मात्र मुख्यतः तासांभोवतीच फिरला; राबण्यामागचा हा फरक मागेच पडला. रात्रीच्या मेसेजपुरता जर्ज-बोन्स यांचा उपाय बिनखर्चाचा आहे: ‘घाई नाही’ एवढं लिहिलं की गैरसमज ओसरतो. मात्र साहेब रोजच मध्यरात्री ऑनलाइन दिसत असतील, तर त्या दोन शब्दांवर कुणी विसंबेल असं मला वाटत नाही. तिथे मेसेज सकाळसाठी शेड्यूल करणंच योग्य.