जामीन नसलेले खत

संध्याकाळी नौपाड्यातून फिरायला निघालो की पाय आपोआप मासुंदा तलावाकडे वळतात. तलावाजवळचे सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च दिसले की हल्ली मला एक गोवेकर आठवतो. फादर जोसेफ वाझ.

बँकेत उभी हयात मी कर्जखते तपासली. मुदत आणि जामीन पाहिल्याशिवाय सही केली नाही. ५ ऑगस्ट १६७७ रोजी सव्वीस वर्षांच्या या धर्मगुरूनेही एक खत केले, मरियमेचा कायमचा गुलाम म्हणून स्वतःला लिहून दिले. मुदत नाही, जामीन नाही! प्रथम वाचले तेव्हा हसू आले होते. पुढचे चरित्र वाचले आणि ते मावळले.

बाणावलीला १६५१ साली त्यांचा जन्म. घराणे ब्राह्मण ख्रिस्ती. त्या काळी गोव्यात देशी माणसाला पाद्री होता येई, पण युरोपियनांच्या संन्यासी संघांची दारे त्याला बहुधा बंदच. तेव्हा जुन्या गोव्यातल्या टेकडीवर, होली क्रॉस ऑफ मिरॅकल्स चर्चपाशी, काही देशी पाद्री एकत्र राहू लागले होते. १६८५ मध्ये वाझ त्यांच्यात गेले, प्रमुख झाले आणि रोमच्या फिलिप नेरींच्या धर्तीवर त्या घराला संघाचे रूप दिले. ही गोव्याची ऑरेटरी. सगळे सभासद इथलेच. मात्र तिथेही प्रवेश ब्राह्मणांनाच मिळे. ज्यांचे हात बंद दार ठोठावून दुखले, त्यांनीही आपल्या दाराला कडी घालावी, हे मला टोचते.

वाझ त्या घरात फार काळ रमले नाहीत. सिलोनमध्ये डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. १६८७ साली मजुराच्या वेषात ते जाफन्याला उतरले, सोबत जॉन नावाचा सेवक. हगवणीने खंगलेले, दारोदार भीक मागत. गळ्यात जपमाळ, आपल्या माणसांना ओळख पटावी म्हणून. १६९२ मध्ये कँडीत पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैद केले. त्याच कँडीत १६९७ साली देवीची साथ आली. लोक आजाऱ्यांना टाकून पळाले. वाझ आणि फादर जोसेफ कार्व्हाल्हो यांनी त्यांची शुश्रूषा केली, मृतांना पुरले. बौद्ध राजाने मग त्यांना धर्मकार्याची मोकळीक दिली.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच ते वारले. त्यांच्यामागे ऑरेटरीचे पाद्री गोव्याहून शतकभर जात राहिले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले.

टेकडीवरचे ते चर्च मात्र आज पडके आहे.