चार दारे एकाच वाड्यात

संपत्ती एकाच ठिकाणी साचली म्हणजे समाजाचे काय होते, हे जाणण्यासाठी परदेशचे दाखले आणावयास नकोत. डहाणू-तलासरीचा इतिहास पुरेसा आहे.

वारली हा येथला मूळचा शेतकरी. इंग्रजी अमदानीत सारा रोकडीने भरावा लागू लागला आणि रोकडीसाठी तो सावकाराच्या दारी गेला. कर्जापोटी जमीन गेली व तो आपल्याच शेतात कूळ झाला. पावसाळ्यात धान्य संपे, तेव्हा खावटीही त्याच दारची. लग्नासाठी कर्ज काढले, तर नवरा-बायकोने ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, राबावयाचे. अशांना ‘लग्नगडी’ म्हणत. शिवाय मालकाच्या शेतावर फुकटची वेठ होतीच.

सावकाराचे खरे बळ केवळ पैशात नव्हते. जमीन, धान्य, कर्ज आणि मजुरी ही चारही दारे त्याच्याच वाड्यात होती. एका दारी ‘नाही’ म्हटले की उरलेली तीन बंद! ज्याला दुसरीकडे जाण्यास वाट नाही, त्याच्या होकाराला करार कसे म्हणावे?

२३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेची ही चळवळ. वेठ करावयाची नाही, असे ठरले. पुढे गवतकापणीचा संप झाला. मागणी पाचशे पौंडांस अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड व आणखी चौघे बळी पडले. तरी लोक हटले नाहीत. मुंबईला जावयाचे गवत वेळेवर कापले नाही तर नुकसान मालकाचे, हे त्यांना उमगले होते. एकटा मजूर बदलता येतो. सारा गाव बदलता येत नाही.

कायदे नंतर आले: १९४८ चा कूळकायदा, १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा, २००६ चा वनहक्क कायदा. परंतु कागदावरचा हक्क मागावयास जाणाऱ्याचा दिवसाचा रोज बुडतो. आजही पालघर जिल्ह्यातली कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. हिशेबाची वही मालकाकडेच असते.

म्हणून कामगार संघटनेत वावरताना मी एकच कसोटी लावतो: येथे ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या घरी रात्री चूल पेटते काय? पेटत नसेल, तर तेथे मतपेटी असली तरी लोकशाही अपुरी आहे. ही कसोटी आपण आपापल्या गावाला, कचेरीला, कारखान्याला लावून पाहावी.