डिझेल गाडी सुरू होत नाही, तेव्हा आधी काय पाहायचं?

आजचा विषय ऐकून काही जण म्हणाले, हे तर मिस्त्रीचं काम, त्यावर व्याख्यान कशाला? कारण सांगतो. मिस्त्रीकडे गाडी नेली की पहिला प्रश्न येतो, ‘साहेब, नेमकं काय होतं?’ आणि आपण उत्तर देतो, ‘सुरूच होत नाही.’ या उत्तराची किंमत दोनशे रुपयेही असू शकते आणि चाळीस हजारही. नोझल बदला, पंप उतरवा, बॅटरी नवी घाला असं सुरू होतं आणि शेवटी दोष निघतो एका चिरलेल्या रबरी पाइपात. टूरिस्ट गाडी चालवणाऱ्या माणसाचे अशात चार दिवस बुडाले तर हप्ता चुकतो. म्हणून आज आपण मिस्त्रीकडे जाण्याआधीचा अर्धा तास पाहणार आहोत.

शोरूममधल्या नव्या गाड्यांपेक्षा मी जुन्या गाड्यांबद्दलच जास्त बोलेन. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणाऱ्या डिझेल स्विफ्ट, रिट्झ, डिझायर सगळ्या वयात आलेल्या आहेत. त्याआधीची १९९८ ची इंडिकाही काही लोकांनी जिवापाड सांभाळली आहे. तेव्हा हा प्रश्न आता वाढतच जाणार.

थोडं मूळ समजून घेऊ, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं त्याचं मर्म एवढंच, की हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते, आणि मग त्या तापलेल्या हवेत इंधन सोडायचं. सायकलचा पंप मारताना नळी खाली गरम लागते ना, तेच. गाडीत हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते आणि तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं.

म्हणजे डिझेल गाडी सुरू व्हायला तीन गोष्टी हव्यात: इंजिन पुरेशा वेगाने फिरायला हवं, दाबलेली हवा पुरेशी तापायला हवी आणि योग्य वेळी डिझेल आत पडायला हवं. यातली एकही कमी पडली तर गाडी सुरू होणार नाही. आपल्याला शोधायचं ते एवढंच, की तिघांपैकी कोण रुसलंय.

चावी फिरवा आणि आधी कान द्या. ‘टिक’ असा एकच आवाज येऊन गप्प? की टिकटिकटिक? की सेल्फ फिरतोय, पण म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसा? सेल्फ मंद फिरत असेल तर पुढचं काहीही उघडू नका. इंजिन हळू फिरलं की दाबलेल्या हवेला सिलिंडरच्या भिंतीत उष्णता घालवायला वेळ मिळतो, कडेने हवा गळतेही. पेट्रोल गाडी अशा मंद सेल्फवरही कधीकधी पकडते. डिझेल पकडत नाही.

बॅटरीला मीटर लावा. तीन-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घरात असावाच. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला काढा. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा पाहा. साडेनऊ-दहाच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकलेली किंवा सेल्फ जास्त करंट खातोय.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण आपण समुद्राजवळ राहतो. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, तरी गाडी मंद फिरते. अशा वेळी संशय अर्थिंगच्या पट्टीवर. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनकडे आणि बॉडीकडे जाणारी जी जाड वायर किंवा विणलेली पट्टी असते, तिच्या टोकाला खारट हवेने हिरवट-पांढरं पीठ धरतं. वरून ठीक दिसते, आतून सडलेली असते. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी थेट इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की चोर सापडला. सॅंडपेपर, थोडं ग्रीस, बोल्ट घट्ट. नवी बॅटरी घ्यायला निघालेली किती तरी माणसं या एका तपासणीवर परत फिरतील.

परळमध्ये आणखी एक प्रकार रोज दिसतो. टाटा, केईएम, वाडिया या रुग्णालयांत कोल्हापूरकडून, सोलापूरकडून लोक स्वतःच्या गाडीने पेशंट घेऊन येतात. गाडी कुठेतरी लावतात आणि तीन-चार आठवडे तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. डिस्चार्जच्या दिवशी सामान भरलं, पेशंटला बसवलं, आणि गाडी गप्प. चावी काढली तरी अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटर थोडा थोडा करंट घेत असतात. समजा ५० मिलिअँपिअर. दिवसाला १.२ अँपिअर-अवर झाले. ६० अँपिअर-अवरची बॅटरी पंचवीस दिवसांत निम्मी. ती आधीच जुनी असेल तर त्याच्याही आत. लांब मुक्काम असेल तर गाडी लावल्यावर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, दहा नंबरचा पाना पुरतो. फक्त म्युझिक सिस्टीमला कोड लागतो का, ते आधी बघून ठेवा.

आता समजा सेल्फ झक्कास फिरतोय आणि तरी गाडी पकडत नाही. मग मागे जा आणि सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना धूर येतोय का? कोणत्या रंगाचा?

धूरच नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. टाकीत डिझेल आहे ना, हे विचारायला लाजू नका, काटे खोटं बोलतात. मग डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय का? म्हणजे इमोबिलायझर चावी ओळखत नाही. दुसरी चावी वापरून पाहा. नंतर फिल्टर. आपल्याकडे डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठवायची जागा असते, तिला खाली स्क्रू असतो. पावसाळ्यात तो महिन्यातून एकदा काचेच्या बाटलीत सोडून बघावा. पाणी खाली आणि डिझेल वर असं स्पष्ट दिसतं.

आणि मग येतो सगळ्यात फसवा प्रकार: ‘गाडीने एअर घेतली.’ लक्षण असं, की रात्री उत्तम चाललेली गाडी सकाळी पाच-सहा सेल्फ खाते, एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही. टाकीपासून पंपापर्यंतचं डिझेल पंप ओढून घेतो. काही गाड्यांत टाकीतच ढकलणारा पंप असतो, पण बऱ्याच जुन्या गाड्यांत ते ओढलंच जातं. ओढणाऱ्या नळीला बारीक चीर असेल तर तिथून डिझेल गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. म्हणून खाली थेंबही दिसत नाही आणि मिस्त्री म्हणतो, ‘लीकेज नाही.’ रात्रभरात डिझेल टाकीत परत उतरतं आणि सकाळी पंप नुसती हवा ओढत बसतो.

याची एक बिनपैशाची परीक्षा आहे. बिल्डिंगच्या रॅम्पवर एक रात्र गाडी नाक खाली करून लावा, दुसऱ्या रात्री नाक वर. टाकी मागे असते. नाक खाली असताना सकाळी पटकन सुरू झाली आणि नाक वर असताना छळलं, तर डिझेल मागे उतरतंय. मग फिल्टरच्या पुढे वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती घालून बुडबुडे बघता येतात. फिल्टर नुकताच बदलला असेल तर पहिला संशय त्याच्या ओ-रिंगवर. जुनीच रिंग परत बसवलेली असते.

कॉमन रेल गाडीत, म्हणजे डिझेल स्विफ्टसारख्या गाडीत, आणखी एक अट असते. रेलमध्ये साधारण दोन-अडीचशे बार दाब तयार झाल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही. तेव्हा मिस्त्रीला म्हणा, ‘स्कॅनर लावून सेल्फ मारताना रेल प्रेशर आणि आरपीएम दाखव.’ आरपीएम शून्य दाखवत असेल तर क्रँक सेन्सर बघायचा. प्रेशर चढत नसेल तर नोझलच्या रिटर्नला चार बाटल्या लावायच्या. ज्या नोझलची बाटली बाकीच्यांपेक्षा खूप लवकर भरते, ते नोझल दाब परत सोडून देतंय. एक नोझल खराब निघालं तर एकच करा. ‘चारही बदलू या’ म्हणणाऱ्याला बाटल्या दाखवायला सांगा.

आता जरा कडक शब्दांत बोलतो. जुन्या मिस्त्रींची पद्धत होती, नोझलच्या पाइपचा नट सैल करायचा आणि सेल्फ मारून एअर काढायची. जुन्या पंपाच्या गाडीत ते चालून जायचं, तेही हात लांब ठेवून. कॉमन रेलमध्ये हे करायचं नाही म्हणजे नाही. चालू इंजिनात तिथे दीड हजार बारच्या आसपास दाब असतो. ती धार दिसत नाही आणि बोटातून कातडीच्या आत डिझेल घुसवते. वरून सुई टोचल्यासारखा एक ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि माणूस काम करत राहतो. काही तासांत आतला भाग मरायला लागतो. असं झालं तर मलम लावत बसू नका, लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘दाबाने डिझेल आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगा. बोट वाचवायला ऑपरेशन लागतं. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

पांढरा धूर येतोय, डोळ्याला झोंबतोय, डिझेलचा वास आहे, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. हवा तापत नाही. इथे हीटर प्लगचं काम. मुंबईची गंमत अशी, की आपली थंडी ती काय, म्हणून चारपैकी तीन हीटर प्लग मेले तरी कॉमन रेल गाडी परळमध्ये सुरू होते. मालकाला पत्ताच लागत नाही. मग तो डिसेंबरात नाशिकला लग्नाला जातो, आणि निफाडच्या पहाटे गाडी खोकत बसते. जुन्या इंडिकाचं उलट आहे. तिच्यात डिझेल आधी वेगळ्या छोट्या कप्प्यात पेटतं, त्या कप्प्याच्या भिंती उष्णता खातात, म्हणून तिला मुंबईतही हीटर प्लग लागतात.

तपासायला प्लगची वायर काढून मीटर लावा. एक ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवला तर ठीक, काहीच दाखवत नसेल तर मेला. चारही एकदम गेल्यासारखे वाटले तर आधी फ्यूज आणि रिले बघा. प्लग काढताना मात्र जोर लावायचा नाही. अडकलेला प्लग हेडमध्ये तुटला तर शंभरपट खर्च. इंजिन थोडं गरम करून, भेदक तेल सोडून, सावकाश. आणि ज्या गाडीला हीटर प्लग आहेत तिच्या एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू नका. लालभडक प्लगवर ईथर गेला की आत स्फोट होतो.

हीटर प्लग चांगले असूनही पांढरा धूर आणि इंजिन लाखभर किलोमीटरच्या पुष्कळ पुढे गेलेलं असेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. काळ्या धुराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हवा कमी पडतेय, एअर फिल्टर आणि ईजीआर व्हॉल्व्ह साफ करून घ्या.

शेवटचा मुद्दा हिंदमाताचा. तिथलं पाणी कमी व्हावं म्हणून पालिकेने प्रमोद महाजन कलापार्क आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या, तरी मोठ्या पावसात कुठे ना कुठे पाणी भेटतंच. डिझेलवाल्याला वाटतं, आपल्या गाडीला ठिणगी नाही, पाण्याने बंद पडायची भीती नाही. अर्धं खरं आहे. आता हिशोब करा. १२४८ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, म्हणजे एकात ३१२ सीसी. हवा सतरा पट दाबायची तर पिस्टन वर आल्यावर जागा उरते अंदाजे २० सीसी. चार चमचे! एअर फिल्टरमधून चहाचे चार-पाच चमचे पाणी आत गेलं की पिस्टनला वर यायला जागा नाही, कारण पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल गाडीत हीच जागा जवळजवळ दुप्पट असते.

म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. एकदाही नाही. ढकलून बाहेर काढा, बॅटरीचं टर्मिनल काढा, एअर फिल्टर उघडा. आतला कागद ओला असेल तर टो करूनच न्या. हीटर प्लग किंवा नोझल काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावं लागतं, ऑइल बदलावं लागतं. खर्च होतो, पण इंजिन वाचतं. विमा कंपनी पाण्यात सेल्फ मारून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा देत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. जूनच्या आधी पॉलिसीचा कागद काढून तेवढं बघा.

(श्रोत्यांतून प्रश्न : मी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होतो. बॅटरी उतरली तर आम्ही जीप धक्का मारून चालू करायचो. आता का नको म्हणतात?)

काका, तुमच्या जीपला बरोबर होतं. जुन्या पंपाला फिरवलं की तो डिझेल देणार, फार तर स्टॉप सोलेनॉइड उघडायला थोडा करंट. कॉमन रेल गाडीत कॉम्प्युटर, रेलचा व्हॉल्व्ह, नोझल सगळ्यांना वीज हवी. बॅटरी थोडी कमी असेल तर धक्क्याने चालेलही, पूर्ण उतरली असेल तर चार माणसं दमतील आणि गाडी तशीच. शिवाय झटका टायमिंगच्या बेल्टला किंवा चेनला बसतो. दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावा: लाल ते लाल, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून दूर. पाच मिनिटं तसंच राहू द्या, मग सेल्फ. दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, सेल्फची वाइंडिंग जळते.