काल्पनिक फुटबॉल

काल्पनिक फुटबॉल : प्रत्यक्ष स्पर्धेत खेळणाऱ्या खेळाडूंमधून आपला कागदावरचा संघ निवडून, त्या खेळाडूंच्या मैदानावरील कामगिरीनुसार गुण मोजण्याचा एक बैठा खेळ. खेळाडूने गोल केला, गोलास साहाय्य केले किंवा बचाव फळीने गोल होऊ दिला नाही, की त्याचे ठराविक गुण तो खेळाडू ज्याच्या यादीत असेल त्यास मिळतात. हंगामाअखेर ज्याचे गुण अधिक तो विजयी. यातील सर्वांत कसोटीचा भाग म्हणजे हंगामापूर्वीची खेळाडूंची निवड होय.

हा खेळ मूळचा अमेरिकन फुटबॉलचा. ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार विल्फ्रेड विंकेनबाख यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात काही सहकाऱ्यांसह त्याचे नियम आखले व १९६३ मध्ये आठ संघांची पहिली निवड झाली. तिची कल्पना व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये १९३६ पासून चालत आलेल्या ड्राफ्टवरून, म्हणजे संघांनी आळीपाळीने एकेक नवा खेळाडू उचलण्याच्या प्रथेवरून घेतलेली दिसते. भारतात ज्यास फुटबॉल म्हणतात त्याच्या इंग्लिश प्रीमियर लीगचा अधिकृत काल्पनिक खेळ २००२-०३ च्या हंगामापासून चालू आहे. त्यात प्रत्येकास ठराविक रकमेत संघ बसवावा लागतो आणि एकच खेळाडू लाखो जणांच्या संघात असू शकतो. आळीपाळीने निवड करण्याचा त्याचा दुसरा प्रकार २०१७ मध्ये सुरू झाला. त्यात गटातील एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्यास मिळत नाही. पुढील विवेचन या प्रकारासंबंधी आहे.

निवडीचा क्रम : पिंपरी-चिंचवड किंवा चाकण येथील एखाद्या कारखान्यातील आठ सहकाऱ्यांचा गट कल्पावा. प्रत्येकास पंधरा खेळाडू हवेत : दोन गोलरक्षक, पाच बचाव फळीचे, पाच मधल्या फळीचे व तीन आघाडीचे. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो आणि प्रत्येक फेरीत उलटतो. त्यामुळे पहिल्या क्रमांकाच्या सभासदास १, १६, १७, ३२ व ३३ या पाळ्या मिळतात, तर आठव्यास ८, ९, २४ व २५. पहिल्याला सर्वोत्तम खेळाडू मिळतो खरा. परंतु त्याची पुढची पाळी येईपर्यंत चौदा खेळाडू निघून गेलेले असतात. टोकाच्या सभासदाने म्हणूनच दोन सलग पाळ्यांचा जोडीने विचार करावयाचा असतो. मधल्या क्रमाच्या सभासदास असे लांब अंतर सोसावे लागत नाही, पण जोडीचा लाभही मिळत नाही.

खेळाडूचे मोल : नवखे सभासद मागील हंगामाची यादी घेऊन सर्वाधिक गुणांचा खेळाडू आधी उचलतात. हा सर्वांत सामान्य दोष होय. खेळाडूचे मोल त्याच्या एकूण गुणांत नसते; त्याच्या जागी शेवटी जो घ्यावा लागेल त्याच्यापेक्षा तो किती गुण अधिक मिळवील, यात असते. समजा, मधल्या फळीतील सर्वोत्तम खेळाडूकडून २२० गुणांची अपेक्षा आहे आणि आठ संघांना मिळून लागणाऱ्या चाळिसांपैकी अखेरच्याकडून १२० ची. आघाडीच्या सर्वोत्तम खेळाडूकडून २०० ची अपेक्षा आहे, पण चोविसावा ९० वरच थांबतो. फरक अनुक्रमे १०० व ११० येतो. म्हणून कमी गुणांचा आघाडीवीर आधी घेणे योग्य.

हीच गोष्ट संख्येवरूनही कळते. प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब असून प्रत्येकाचा साधारणतः एकच नियमित गोलरक्षक असतो. गटाला सोळा गोलरक्षक लागतात. म्हणजे अखेरपर्यंत थांबणाऱ्यासही नियमित खेळणारा गोलरक्षक मिळू शकतो. बचाव फळीचे नियमित खेळाडू सत्तरऐंशी असतात व लागतात चाळीस. आघाडीत मात्र पुष्कळ क्लब एकच खेळाडू खेळवितात, त्यामुळे चोवीस जागा भरताना राखीव खेळाडूंवर यावे लागते. टंचाई असेल तेथे आधी आणि विपुलता असेल तेथे शेवटी, हे नियोजनाचे सार होय. अनुभवी सभासद प्रत्येक फळीतील खेळाडूंचे समान दर्जाचे गट पाडून ठेवतात. एखाद्या गटात पाच नावे शिल्लक असताना घाई नसते; एकच उरले की ते उचलणे भाग पडते. आपल्यानंतरच्या सभासदाची कोणती जागा रिकामी आहे, हेही पाहावे लागते. स्वतःच्या आवडत्या क्लबचे खेळाडू भरणे हा मात्र हौसेचा भाग होय. त्याला नियोजन म्हणता येत नाही.

लिलाव : काही गट आळीपाळीऐवजी लिलाव करतात. प्रत्येकास सारखी रक्कम दिलेली असल्याने कोणताही खेळाडू कोणासही मिळू शकतो. पण एकावर केलेला खर्च इतर जागांवरून वजा होतो. पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात ज्यांचे सामने होत, अशा दोन खऱ्या संघांची उदाहरणे येथे बोलकी आहेत. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी या क्लबाने २०१५ च्या लिलावात यूजीनसन लिंगडोह या मधल्या फळीच्या खेळाडूस १.०५ कोटी रुपयांना घेतले. त्या लिलावात त्याहून मोठी बोली सुनील छेत्रीवर (१.२० कोटी रु.) लागली होती. खेळाडू गुणी होता, तरी संघ आठांत सातवा आला. या क्लबाचे अस्तित्व २०१९ मध्ये संपले व लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. याउलट पुणेरी पलटण या कबड्डी संघाने २०२३ च्या लिलावात महंमदरझा शादलुई या इराणी खेळाडूवर २.३५ कोटी रुपये खर्च केले. अस्लम इनामदार, मोहित गोयत यांसारखे तरुण चढाईपटू संघाने आधीच राखले होते. मोठी रक्कम पकडींसाठी मोकळी होती. त्या हंगामात पकडींच्या गुणांत शादलुई सर्वांच्या पुढे राहिला आणि मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून विजेतेपद मिळविले. एका लिलावावरून सिद्धांत काढता येणार नाही. तथापि महाग खेळाडू कोणत्या रिकाम्या जागेसाठी घेतला, हा प्रश्न दोन्हीकडे लागू पडतो.

वेळेचा प्रश्न : तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यांतील सभासदांना एकाच वेळी निवडीस बसणे अवघड असते. अशा गटांना प्रत्येक पाळीस काही तासांची मुदत देऊन अनेक दिवस चालणारी निवड सोयीची पडते. मात्र मुदत संपल्यास कोणता खेळाडू घ्यावा याची यादी आधी लिहून ठेवावी लागते. फेरीसाठी संघ नक्की करण्याची मुदत पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटे आधी संपते. इंग्लंडमध्ये उन्हाळी वेळ चालू असताना शनिवारी दुपारी साडेबाराच्या सामन्याने फेरी सुरू झाली, तर भारतात ही मुदत दुपारी साडेतीनला येते. दुसऱ्या पाळीच्या कामगाराने कामावर निघण्यापूर्वीच संघ लावलेला बरा.

कायदेशीर स्थिती : भारतात काल्पनिक खेळांचा प्रसार मुख्यत्वे क्रिकेटमुळे व पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांमुळे झाला. मुंबईत २००८ मध्ये स्थापन झालेली ड्रीम ११ ही त्यांतील सर्वांत मोठी कंपनी. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तिचा खेळ जुगार नसून कौशल्याचा असल्याचे मानले. या स्पर्धांत प्रत्येक सामन्यासाठी नवा संघ बनवीत आणि एकच खेळाडू सर्वांना घेता येई. त्यामुळे वर वर्णिलेल्या टंचाईच्या हिशेबाला तेथे वाव नव्हता आणि एका सामन्याच्या निकालात दैवाचा वाटाही मोठा असे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा मंजूर करून पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, निषिद्ध ठरविले. त्यानंतर ड्रीम ११ ने आपल्या सशुल्क स्पर्धा बंद केल्या. पैसे न लावता मित्रमंडळींत हंगामभर चालणारी आळीपाळीची निवड या निषेधात मोडत नाही.