रस्त्याप्रमाणे लावलेली कार्डं

ऑक्टोबर १९४०मध्ये पॅरिस आणि आसपासचे ज्यू आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात गेले. शहर जूनमध्येच जर्मनांच्या ताब्यात आलं होतं आणि २७ सप्टेंबरच्या जर्मन फर्मानाने ज्यूंना नाव नोंदवणं सक्तीचं केलं होतं. पण टेबलापलीकडे बसलेला माणूस फ्रेंच होता. एरवी पाकीट हरवलं की ज्याच्याकडे तक्रार द्यायची, तोच. जवळजवळ दीड लाख लोकांनी त्याच्याकडे नाव, पत्ता, धंदा सांगितला आणि ते घरी परतले.

या नोंदींची कार्डं करून घेण्याचं काम पोलीस मुख्यालयातल्या आंद्रे त्युलार या अधिकाऱ्याकडे होतं. प्रत्येक नोंद चार ठिकाणी लावली गेली: आडनावाप्रमाणे, राष्ट्रीयत्वाप्रमाणे, धंद्याप्रमाणे आणि रस्त्याप्रमाणे. फ्रेंच नागरिकांना निळं कार्ड, परदेशी लोकांना नारिंगी, कुठलाच देश न उरलेल्यांना मातकट.

युद्ध संपल्यावर त्युलारच्या संचातला बहुतेक भाग सरकारनेच नष्ट केला. जी कार्डं वाचली, ती १९९७पासून पॅरिसच्या शोआ, म्हणजे ज्यू नरसंहाराच्या, स्मारकात आहेत. तिथे काचेपलीकडे ती मी पाहिली. खोक्यांत दाटीवाटीने उभी, कडा मळलेल्या. कुठल्याही जुन्या कचेरीत दिसावीत अशी ती दिसतात, आणि म्हणूनच समोरून हलवत नाही. हे कारकुनांचं काम आहे. कुणीतरी शाई वाळू दिली असेल, स्पेलिंग तपासलं असेल, पत्ता बदलला तर जुना खोडून नवा लिहिला असेल.

चारांपैकी रस्त्याप्रमाणे लावलेला संच मला सर्वांत भयंकर वाटतो. आडनावाने एक माणूस सापडतो. रस्त्याच्या क्रमाने मात्र गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घरं रिकामी करत जाता येतं.

ते १९४२च्या जुलैत झालं. फ्रान्समधले जर्मन पोलीस जेमतेम काही हजार होते. एवढ्या मोठ्या शहरात हजारो दारं ठोठावणं त्यांना एकट्याने झेपणारं नव्हतं. जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच व्हिशी सरकारचा पोलीसप्रमुख रने बूस्के याने ते काम फ्रेंच पोलिसांच्या अंगावर घेतलं. परदेशी आणि राष्ट्रहीन ज्यूंची २७,३९१ कार्डं बाहेर काढून शहराच्या विभागांनुसार वाटली गेली. पोलिसांच्या जोड्या ठरल्या आणि प्रत्येक जोडीच्या हाती पत्ते पडले.

पॅरिसच्या पोलिसांचा एक वरिष्ठ अधिकारी एमिल एनकँ याने त्यांच्यासाठी लेखी सूचना काढल्या होत्या. त्या वाचताना मी पुन्हा पुन्हा अडखळले. दारात वाद घालायचा नाही. प्रकृतीची तक्रार ऐकत बसायचं नाही. भराभर उरका, विनाकारण बोलू नका. मग सामानाची यादी: पांघरुणं, बूट, मोजे, सदरे, दोन दिवसांचं खाणं. निघताना गॅस, वीज आणि पाण्याचे मीटर बंद झालेत ना, ते पाहायचं. पाळीव जनावर इमारतीच्या रखवालदारीणबाईकडे सोपवायचं, किल्ल्याही तिच्याकडे. आणि किल्ल्या कुणाला दिल्या, ते नोंदवून ठेवायचं. घराची अशी काळजी, आणि घरातल्या माणसांना कुठे नेतोय याबद्दल अक्षर नाही!

१६ जुलैच्या पहाटे दारं वाजू लागली. दोन दिवसांत १३,१५२ लोक पकडले गेले. त्यांत ४,११५ मुलं होती. मुलांनाही पाठवून देण्याची तयारी सरकारप्रमुख लाव्हालने महिन्याच्या सुरुवातीलाच दाखवली होती. बर्लिनची परवानगी तेवढी यायची होती. एकेकट्यांना द्रांसीच्या छावणीत नेलं. मुलाबाळांच्या कुटुंबांना शहराच्या बसमध्ये भरून वेलोद्रोम दिव्हेर या सायकल शर्यतींच्या बंदिस्त मैदानात कोंडलं. तिथून पितिव्हिए आणि बोन-ला-रोलांद. तिथे आयांना आधी पाठवलं, लहानग्यांना मागे ठेवलं. मग ऑगस्टमध्ये त्यांनाही द्रांसीमार्गे ऑश्विट्झला. या छावण्यांवरचा पहाराही फ्रेंच जांदार्मांचाच, म्हणजे लष्करी धाटणीच्या पोलिसांचाच होता.

तरी निम्म्याहून अधिक कार्डांवरची माणसं घरी सापडली नाहीत. कारण खबर फुटली होती, आणि ती फोडणाऱ्यांत पोलीसही होते. कुणी आदल्या संध्याकाळी ओळखीच्या घरी जाऊन सांगून आलं, तर कुणी दारात उभं राहून 'तासाभरात परत येतो' म्हणालं. नांसी शहरात तर परदेशी नागरिकांच्या कचेरीचा प्रमुख एदुआर व्हिन्यरों आणि त्याचा सहकारी पिएर मारी यांनी कचेरीतल्या माणसांना कामाला लावून धरपकडीआधी घरोघरी निरोप पोहोचवले. तीनशेहून अधिक ज्यू त्यातून वाचले. व्हिन्यरोंच्या कचेरीतही याद्याच होत्या आणि वरून आलेला हुकूमही तसाच. 'आमच्या हातात काही नव्हतं' हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही.

युद्धानंतर पॅरिसच्या पोलिसांची ओळख ऑगस्ट १९४४च्या उठावाने झाली. त्यांनी मुख्यालय ताब्यात घेतलं, जर्मनांशी लढताना माणसं गमावली. ते शौर्य खरंच होतं. त्याच्या आड १९४२ मात्र झाकलं गेलं. आलां रेनेच्या १९५६च्या माहितीपटात छावणीवर पहारा देणाऱ्या जांदार्माची टोपी एका छायाचित्रात दिसत होती. सेन्सॉरने ती झाकायला लावली. फ्रेंच राज्याने यात भाग घेतला होता, ही जाहीर कबुली राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी दिली ती १६ जुलै १९९५ रोजी.

बूस्केवर १९४९मध्ये खटला चालला. त्यात वेलोद्रोमचा विषय जेमतेम निघाला. पाच वर्षं नागरी हक्क काढून घेण्याची शिक्षा झाली आणि ती लगेच माफही झाली. पुढे त्याने बँकेत मोठ्या पदांवर नोकरी केली. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला तेव्हा १९९१ उजाडलं होतं. ८ जून १९९३ रोजी एका माणसाने त्याला पॅरिसमधल्या राहत्या घरी गोळ्या घातल्या, आणि त्या २७,३९१ कार्डांबद्दल त्याला भर न्यायालयात विचारायचं राहूनच गेलं.