लाइन दोनवर कोण आहे?

१९७०च्या सुमारास अमेरिकेतल्या एखाद्या लहान दवाखान्यात, वकिलाच्या ऑफिसात किंवा गाड्यांच्या गॅरेजमध्ये टेबलावर एक जाडजूड फोन हमखास दिसे. डायलखाली सहा पारदर्शक बटणांची रांग. डाव्या टोकाचं लाल बटण होल्डचं; उरलेली पाच म्हणजे बाहेरून आलेल्या पाच लाइनी. फोन आला की त्या लाइनीचं बटण सगळ्यांच्या टेबलावर एकदमच उघडझाप करू लागे. हात मोकळा असेल तो उचले. फोन मालकांसाठी असेल, तर होल्ड दाबायचं आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडायचं, ‘लाइन दोन तुमच्यासाठी!’ मालक आपल्या फोनवरचं लाइन दोनचं बटण दाबून बोलू लागत. कॉल ट्रान्सफर करण्याचा प्रश्नच येत नसे, कारण कॉल सगळ्यांच्याच टेबलावर होता.

ही की टेलिफोन सिस्टिम. बेल कंपनीने १ए या नावाने ती १९३८ साली आणली, आणि साठच्या दशकातल्या १ए२ या आवृत्तीने अमेरिकेतली लहान ऑफिसं व्यापली. आता ऑफिसांतले फोन इंटरनेटवर गेले आहेत. तरी नवी यंत्रणा बसवायला आलेल्या तंत्रज्ञाला अशा ऑफिसांत एक मागणी हटकून ऐकावी लागते: ‘फोन कुठलेही द्या, पण चालायला जुन्यासारखे हवेत.’ मागणी साधी वाटते. ती पुरी करणं अवघड का जातं, हे कळायला आधी जुन्या फोनची केबल उघडावी लागते.

ही केबल बोटभर जाड असे आणि तिच्यात तारांच्या पंचवीस जोड्या असत. टोकाला पन्नास पिनांचा कनेक्टर. दर लाइनीला तीन जोड्या लागत: एक बोलण्यासाठी, एक नियंत्रणासाठी आणि एक फक्त दिव्यासाठी. पाच लाइनींच्या पंधरा जोड्या इथेच संपत. या केबली कपाटातल्या किंवा तळघरातल्या एका पेटीत जात आणि तिथे दर लाइनीसाठी रिले बसवलेलं एकेक कार्ड असे. फोनवरचं बटण दाबलं की आतला यांत्रिक स्विच हलून तो फोन खरोखरच त्या लाइनीच्या तारेला जोडला जाई. दोघांनी एकच बटण दाबलं, तर दोघंही त्याच तारेवर. आपल्याकडे ज्यांच्या घरी बैठकीच्या खोलीत एक आणि आत एक असा ‘पॅरलल’ फोन होता, त्यांना हे सांगायला नको. आतला रिसीव्हर उचलला की प्रवाह वाटला जाई, आवाज किंचित बारीक होई आणि बाहेर बोलणाऱ्याला कळे की कुणीतरी ऐकतंय.

पॅरलल फोनमध्ये नव्हती ती गोष्ट म्हणजे दिवा. बटण विझलेलं असेल तर लाइन मोकळी. स्थिर पेटलेलं असेल तर कुणीतरी बोलतंय. मिनिटाला साठ वेळा उघडझाप म्हणजे फोन वाजतोय, आणि मिनिटाला एकशेवीस वेळा झालेली जलद लुकलुक म्हणजे समोरचा माणूस होल्डवर ताटकळतोय. होल्डचं बटण दाबलं की फोन तारेपासून सुटे, पण त्याआधी पेटीतलं कार्ड त्या लाइनीला स्वतःचा रोध जोडून ठेवी. त्यामुळे टेलिफोन एक्स्चेंजला वाटे की रिसीव्हर अजून उचललेलाच आहे. होल्ड फोनवर नव्हता, लाइनीवर होता. म्हणून तो कुठल्याही टेबलावरून सोडवता येई.

भारतीय ऑफिसांचं वळण निराळं. लाइन मिळायलाच वर्षानुवर्षं थांबावं लागे, तेव्हा पाच लाइनींच्या फोनची चैन फार थोड्यांना परवडली. आपल्याकडे रुजला तो ईपीएबीएक्स: मोजक्या लाइनी, भरपूर एक्स्टेन्शन, बाहेर फोन लावायचा तर आधी शून्य किंवा नऊ, आणि मधे ‘साहेबांना देते हं’ म्हणणारी ऑपरेटर. या रचनेत लाइनी यंत्राच्या मालकीच्या असतात. कुठल्या लाइनीवर आपण बोलतोय, हे बोलणाऱ्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. त्यामुळे ईपीएबीएक्सवर वाढलेल्या माणसाला अमेरिकन दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टचा हट्ट चटकन कळत नाही. तिला सहकाऱ्याचं एक्स्टेन्शन नको असतं. तिला लाइन दोन हवी असते.

इंटरनेट-फोनने ही लाइनच पुसून टाकली. त्याचा पाया असलेला एसआयपी हा प्रोटोकॉल आरएफसी ३२६१ या दस्तऐवजात जून २००२मध्ये निश्चित झाला. त्यात फोनला ईमेलसारखा पत्ता असतो. एक पत्ता दुसऱ्याला निमंत्रण धाडतो, दुसरा ते स्वीकारतो आणि दोघांमध्ये आवाजाचे पॅकेट वाहू लागतात. कॉल सुरू आहे की होल्डवर, हे त्या दोन टोकांना ठाऊक. शेजारच्या टेबलावरचा फोन त्याच नेटवर्कवर असला, तरी त्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. तांब्याच्या तारेत जे फुकट मिळत होतं, ते इथे एकेक करून बांधावं लागलं. मुख्यतः तीन गोष्टी: दिवा, बटणावरचा ताबा आणि मधेच सामील होणं.

आधी दिवा. त्याच्यासाठी आता स्वतंत्र तार नाही, फक्त निरोप आहेत. प्रत्येक फोन सर्व्हरकडे वर्गणी भरतो: ‘अमुक लाइनीची स्थिती बदलली की मला कळवा.’ या निरोपांचा मजकूर नोव्हेंबर २००५च्या आरएफसी ४२३५ने ठरवून दिला. हिशेब करून पाहा. पाच लाइनी आणि वीस फोन असतील, तर शंभर वर्गण्या. एक कॉल वाजला, उचलला, होल्डवर गेला, परत घेतला, संपला. पाच बदल गुणिले वीस फोन, म्हणजे एका कॉलपायी शंभर निरोप आणि तितक्याच पोचपावत्या. शिवाय वर्गणीला मुदत असते. राउटरच्या एखाद्या अडचणीने नूतनीकरण चुकलं, की दिवा शेवटच्या स्थितीतच गोठतो. लाइन मोकळी असते आणि बटण लाल. जुन्या फोनचा बल्ब उडे, पण पेटलेला बल्ब सहसा खोटं बोलत नसे. नव्या फोनचा दिवा खोटं बोलू शकतो, आणि ऑफिसात एकदा दिव्यावरचा विश्वास उडाला की मग बटणांकडे कुणी पाहत नाही.

दुसरा प्रश्न ताब्याचा. तांब्यावर दोघांनी एकाच क्षणी लाइन एक दाबली, तर दोघांना एकच डायल टोन ऐकू येई, दोघं हसत आणि एक जण रिसीव्हर ठेवी. इंटरनेटवर दोघांचे दोन स्वतंत्र कॉल सुटतात. म्हणून नंबर फिरवण्याआधी फोनने सर्व्हरला विचारणं आलं: ‘ही लाइन मी घेऊ का?’ ब्रॉडसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने आपल्या यंत्रणेत हेच केलं. बटण दाबताच फोन काही सेकंदांपुरता हक्क मागतो, सर्व्हर एकालाच तो देतो आणि बाकीच्यांना लाइन अडल्याचं कळवतो. ही पद्धत अनेक फोन-उत्पादकांनी उचलली. सर्वमान्य प्रमाण मात्र मार्च २०१५मध्ये आलं, आरएफसी ७४६३च्या रूपाने. मूळ प्रोटोकॉल आणि हे प्रमाण यांत तेरा वर्षं गेली. तोवर प्रत्येक कंपनीची बोली वेगळी झाली होती आणि एकाचा फोन दुसऱ्याच्या सर्व्हरवर नीट चालेलच, याची खात्री उरली नव्हती.

तिसरी गोष्ट सामील होण्याची. तारेत आवाज आपोआप मिसळत. पॅकेटच्या जगात तिघांना एकमेकांचं ऐकू यायचं, तर कुणीतरी आवाजांची बेरीज करून प्रत्येकाला वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. सिस्कोच्या काही फोनमध्ये ही बेरीज फोनच्याच आत होते. ॲस्टेरिस्कने दुसरी वाट धरली. पीबीएक्स, म्हणजे ईपीएबीएक्सच्याच जातीचं यंत्र, विकत घेणं परवडत नाही म्हणून मार्क स्पेन्सरने १९९९मध्ये हे खुलं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्याच्या २००६च्या १.४ आवृत्तीत सामाईक लाइनची सोय आली, आणि तिची युक्ती अशी की लाइनीवरचा प्रत्येक कॉल म्हणजे गुपचूप भरवलेली एक कॉन्फरन्स. बाहेरचा माणूस या कॉन्फरन्सच्या खोलीत बसवला जातो. बटण दाबणारा प्रत्येक जण त्याच खोलीत शिरतो. होल्ड म्हणजे खोलीत तो एकटाच उरला आहे आणि त्याला संगीत ऐकवलं जातंय. बांधणी हुशारीची आहे, पण दोन माणसांच्या साध्या बोलण्यासाठीही सगळा आवाज सर्व्हरमधून फिरवावा लागतो. कॉन्फिगरेशन फाइलीत लाइनी एकीकडे, फोन दुसरीकडे, आणि दर फोनच्या दर बटणासाठी दिव्याची वेगळी ओळ; त्यातली एक चुकली तरी एक टेबल आंधळं.

म्हणून मुरलेले तंत्रज्ञ बऱ्याचदा वेगळाच सल्ला देतात: लाइनीचं सोंग आणू नका, पार्किंग वापरा. ॲस्टेरिस्कच्या नमुना फाइलीत ७०० हा पार्किंगचा नंबर आणि ७०१ ते ७२० या जागा ठरलेल्या आहेत. फोनवर तीन-चार बटणं या जागांना लावायची. आलेला कॉल बटण दाबून ‘पार्क एक’मध्ये ठेवला की सगळ्या फोनवर तो दिवा लागतो, मालक आपल्या टेबलावर तेच बटण दाबून कॉल घेतात. ओरडायचं वाक्य तेवढं बदलतं: ‘पार्क एकवर तुमच्यासाठी.’ बटणावर नाव कुठलंही छापता येतं, त्यामुळे काही जण तिथे सरळ ‘लाइन १’ लिहून देतात आणि तक्रारी मिटतात.

सगळीकडे मात्र एवढ्याने भागत नाही. न्यूयॉर्कच्या शेअर-दलालांच्या डेस्कवरचे टरेट नावाचे भलेमोठे फोन आठवा. तिथे एकेक बटण म्हणजे एका विशिष्ट ग्राहकाकडे किंवा बँकेकडे जाणारी खासगी लाइन. ती वाजली की शेजारच्याने उचलायची, आणि सौदा अडला की वरिष्ठाने मधेच शिरायचं. एकाच जागेतून दोन-तीन धंदे चालवणाऱ्या माणसालाही कुठल्या नंबरावर फोन आलाय, हे उचलण्याआधी दिसावं लागतं. इथे लाइनीलाच अर्थ असतो आणि पार्किंग अपुरं पडतं.

जुन्या रचनेचे दोन गुण तर बटणांच्या नकलेत येतच नाहीत. वीज गेली तर १ए२चे दिवे विझत, पण बोलणं चालू राही, कारण बोलण्याची वीज एक्स्चेंजमधून तारेवरूनच येई. इंटरनेट-फोनची वीज नेटवर्क केबलमधून येते आणि ती देणारा स्विच बंद पडला की सगळी टेबलं एकदम मुकी. दुसरा गुण आणीबाणीतला. की सिस्टिमवर बटण दाबलं की थेट बाहेरचा डायल टोन. पीबीएक्सवर आधी नऊ. टेक्ससमधल्या मार्शल इथल्या एका मोटेलमध्ये डिसेंबर २०१३मध्ये आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांची मुलगी ९११ फिरवत राहिली, पण आधी आणखी एक नऊ दाबायचा हे तिला ठाऊक नव्हतं. आई, कॅरी, वाचली नाही. त्यातून झालेला ‘कॅरीज लॉ’ १६ फेब्रुवारी २०२०पासून लागू आहे. त्यानंतर बसवलेल्या अशा यंत्रणेत कुठलाही आकडा आधी न दाबता ९११ लागलंच पाहिजे.

‘जुन्यासारखं करून द्या’ या मागणीत खरं तर तीन वेगळ्या मागण्या असतात: सगळ्यांना दिसू दे, कुणालाही घेता येऊ दे, गरज पडली तर मधे शिरता येऊ दे. तांब्याची तार त्या तिन्ही एकदम पुरवत होती, म्हणून त्या तीन आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बहुतेक ऑफिसांना पहिल्या दोन पुरतात आणि त्यांना पार्किंगची चार बटणं पुष्कळ होतात. ज्यांना तिसरी हवी त्यांनी खऱ्या सामाईक लाइनीचा खटाटोप करावा, आणि सर्व्हर व सगळे फोन एकाच बोलीतले घ्यावेत. चांगला तंत्रज्ञ म्हणूनच ‘लाइनी किती?’ हा प्रश्न मागे ठेवतो. आधी तो रिसेप्शनिस्टशेजारी अर्धा दिवस बसतो आणि तिची नजर कुठल्या बटणाकडे, कशासाठी जाते ते टिपून घेतो.